गारमास्तरांच्या फ्रिजचा दाखला

गारमास्तरांनी जन्मात कधी खडू हातात धरला नव्हता, तरी सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. बिघडलेल्या फ्रिजपुढे ते उभेच तसे राहायचे. दाराला कान लावायचे, मागच्या जाळीवरून हात फिरवायचे, कुशीत दोन ठोसे द्यायचे आणि घरच्या बाईकडे वळून सांगायचे, "सोंग करतोय. गॅस भरपूर आहे याच्या पोटात. रिले गेलाय." थर्मामीटर त्यांनी कधी बाळगला नाही. दोन बोटं आतल्या पत्र्याला टेकवली की आकडा तयार. "वर चार, खाली सहा. दूध वर ठेवा." एखादं चिकित्सक गिऱ्हाईक आतून थर्मामीटर आणून ताडून बघायचं. फरक निघालाच तर मास्तर म्हणायचे, "बदलून घ्या." म्हणजे थर्मामीटर.

ती बोटं उजव्या हाताची होती. चार वर्षांमागं एका इमारतीच्या जिन्यात, खांद्यावर कॉम्प्रेसर असताना, कुणी मेन स्विच पाडावा तशी त्यांची उजवी बाजू बंद पडली. कॉम्प्रेसर गडगडत खाली गेला आणि मास्तर त्याच्या मागं. पाय वर्षभरात ओढत का होईना परत आला. हात आला नाही. खांद्याला लटकत राहिला, वाळत घातलेल्या बाहीसारखा. कुणी विचारलं तर मास्तर सांगायचे, "वायर शाबूत आहे. करंट येत नाही."

घर म्हणजे बोळाच्या टोकाची एक खोली. दार उघडलं की दाराआड उभा असायचा मास्तरांचा स्वतःचा फ्रिज, पिवळट पांढरा, माणसाच्या उंचीचा. त्याला कॉम्प्रेसर नव्हता. आठेक वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात एका खानावळवाल्याचा फ्रिज बसला, बाजारात माल नव्हता, खानावळवाला रडकुंडीला आला. मास्तरांनी घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उचकटून त्याला लावून दिला. "आपलं काय, घरचंच आहे. उद्या बसवू." मेकॅनिकच्या घरची वस्तू ही नेहमी उद्या दुरुस्त होते. तो उद्या काही उजाडला नाही.

पण फ्रिज रिकामा नव्हता. वरच्या कप्प्यात पिठाचा डबा, मधल्यात डाळी, भाजीच्या खणात घरातली कागदपत्रं, आणि दारातल्या अंड्यांच्या खळग्यांत मास्तरणीची बटणं. मास्तरीण शिंप्याकडची काजं-बटणं घरी आणून करायची. बोळात घुशी मांजराएवढ्या होत्या, त्यांना या एका कपाटाचं दार उघडता येत नव्हतं. साखरेची बरणी फ्रीजरमध्ये, सगळ्यात मागं. ती मास्तरणीपासून लपवलेली, आणि ती तिथं आहे हे मास्तरणीला पक्कं ठाऊक.

साखर लपवायची वेळ आली, कारण ती मास्तरणीच्या अंगातच फार झाली होती. आधी गोळ्या झाल्या, मग टाचेला एक जखम झाली ती भरेना, मग दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता सुई. सकाळी सोळाच्या रेघेपर्यंत, संध्याकाळी सोळाच्या रेघेपर्यंत, एकही दिवस चुकवायचा नाही. औषध फुकट मिळणार होतं, कारण त्यांच्याकडे सरकारी साहाय्य कार्ड होतं. त्याच कार्डावर धान्य यायचं. एक मुलगी होती, ती लांब दिलेली आणि तिचंच तिला पुरत नव्हतं. तेव्हा दोघांचं जे काही चाललं होतं ते त्या कार्डावर.

दवाखान्यातल्या नर्सबाई मनानं चांगल्या, पण वहीला घाबरणाऱ्या.

"घरी फ्रिज आहे ना?" त्यांनी विचारलं.

मास्तरीण तोंड उघडणार, तोच मास्तर म्हणाले, "बाई, माझ्या घरी फ्रिज नसेल तर या गावात कुणाच्या घरी असेल?"

"तसं नव्हे हो. औषध गार ठेवावं लागतं. फ्रिज असेल तर महिन्याच्या तीन कुप्या घरी देते. नसेल तर रोज इथं येऊन टोचून घ्यायचं."

"दोन्ही वेळा?" मास्तरणीनं विचारलं.

"संध्याकाळी दवाखाना कुठं उघडा असतो? एकला कुलूप लागतं. सकाळची तेवढी होईल."

म्हणजे अर्धं औषध. मास्तरांनी बायकोच्या टाचेकडे बघितलं. पट्टीतून पिवळं आलं होतं.

"फ्रिज आहे," ते म्हणाले.

"चालू आहे असं एखाद्या मेकॅनिकचं लिहून आणा. वहीला लावायला लागतं."

"आणायला कशाला जायचं?" मास्तरांनी डाव्या हातानं पिशवी चाचपली. जुनं पावतीपुस्तक आणि शिक्का अजून पिशवीतच असायचे, हात गेला तरी. शिक्क्यावर लिहिलं होतं : गारमास्तर, फ्रिज दुरुस्ती, काम खात्रीचे. ते सांगत गेले आणि मास्तरीण लिहीत गेली. "फ्रिज चालू आहे" एवढं लिहून भागलं असतं. पण तीस वर्षं ज्यानं अर्धवट पावती फाडली नाही, तो तिथं थांबतो होय? त्यांनी लिटर सांगितले. रंग सांगितला. रबर नवीन, कॉम्प्रेसर उत्तम, आवाज नाही. "आणि लिही, आतील तापमान चार अंश, स्वतः तपासले."

मास्तरणीनं पेन उचललं. "तपासले?"

"लिही गं."

तिनं लिहिलं. मास्तरांनी शिक्क्यावर फुंकर घातली आणि डाव्या हातानं असा दाबला की टेबल हाललं. कितीतरी दिवसांनी तो शिक्का कागदावर उठला होता. मास्तरांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता.

बाहेर आल्यावर मास्तरीण म्हणाली, "खोटं कशाला लिहायला लावलंत?"

"खोटं काय त्यात? फ्रिज आपला. मेकॅनिक मी. कॉम्प्रेसर बसवला की चालू."

"कधी?"

"उद्या."

ती हसली. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

घरी येऊन मास्तरांनी डोकं चालवलं. एक मोठं मडकं, त्यात वाळू, वाळूत एक लहान मडकं, त्यात कुप्या, वर ओलं फडकं. वाळूवर दिवसातून चार वेळा पाणी. मडकं खिडकीत, वाऱ्याच्या तोंडाला. पहिल्या दिवशी त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं आतल्या कडेला टेकवली आणि डोळे मिटून बसले. उजव्या बोटांना जे कळायचं ते डाव्यांना शिकवायला त्यांना महिना लागला. "बावीस," ते एके दिवशी म्हणाले. "चार नाही. पण बावीसला टिकतं." आणि टिकलं. दीड वर्ष दोन्ही वेळच्या सुया मडक्यातल्या कुप्यांवर निघाल्या. टाचेची जखम आक्रसली. मास्तरीण पुन्हा शिंप्याकडे चालत जायला लागली.

मग पाहणी निघाली. कार्ड कुणाचं ठेवायचं आणि कुणाचं काढायचं हे नव्यानं ठरणार होतं. पाहणीवाली बाई आली ती घामानं निथळत, पायांत कापडी बूट, हातात टॅब्लेट. त्या दिवशीचं तिचं ते एकोणतिसावं घर होतं आणि अकरा अजून राहिली होती. तिनं पाणी मागितलं, मास्तरणीनं मडक्याला धक्का न लावता हंड्यातलं दिलं.

"दुचाकी? नाही. टीव्ही? नाही. फ्रिज..." बाई दाराआड बघून थांबली.

"तो बंद आहे," मास्तर म्हणाले.

"म्हणजे आहे."

"आहे, पण नाही. जरा मागं येऊन बघा." मास्तरांनी खांद्यानं फ्रिज भिंतीपासून लोटला. मागं खाली कॉम्प्रेसरच्या जागी एक भोक होतं आणि भोकात कोळ्याचं जाळं. मास्तरांनी दार उघडून पिठाचा डबा दाखवला. "यात पीठ ठेवलंय बाई. फ्रिजमध्ये पीठ कोण ठेवतं?"

बाईनं वाकून भोक बघितलं. "दिसतंय हो मला काका. मी काय आंधळी आहे? पण यात बंद-चालूचा खानाच नाही. आहे किंवा नाही, एवढंच आहे. वस्तू घरात दिसली तर 'नाही' कशी लिहू? वरून फोटो काढावा लागतो."

तिनं फोटो काढला. फोटोत फ्रिज चांगला उंच आणि स्वच्छ दिसत होता; मास्तरीण रोज पुसायची.

"हरकत घ्या," बाई जाता जाता म्हणाली. "तीस दिवस आहेत. फ्रिज बंद आहे असा मेकॅनिकचा दाखला जोडा."

"मेकॅनिक मीच."

"स्वतःच्या वस्तूला स्वतःचा दाखला चालत नाही काका."

"न चालायला काय झालं? दवाखान्यात तर चाल..." मास्तरणीला त्याच वेळी जोराचा खोकला आला. मास्तरांनी फ्रिज पुन्हा भिंतीला लोटला.

बाई गेल्यावर मास्तरीण म्हणाली, "भंगारात घाला तो."

"फोटो काढून नेलाय. आता घातला तर म्हणतील विकून खाल्ला."

पंचविसाव्या दिवशी कळलं की नाव काढायच्या यादीत आलंय. अठ्ठाविसाव्या दिवशी मास्तर पाय ओढत चेल्याच्या दुकानात गेले. चेला त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतःचं दुकान थाटून बसलेला. त्यानं खुर्ची पुसून पुढे केली.

"उस्ताद, तुमच्या फ्रिजला मी मेला म्हणून लिहू? हात धजत नाही."

"लिही लेका. मेलेल्याला मेला म्हणायला काय भीती?"

"कॉम्प्रेसर बसवून देतो ना. जुना पडलाय एक. चालू करू, विषय मिटला."

"चालू केला तर कार्ड कायमचं जातं. तू आपला मारूनच टाक त्याला."

चेल्यानं लिहिलं : कॉम्प्रेसर नाही, दुरुस्तीपलीकडे, गेली आठ वर्षे बंद. लिहिताना तो सारखा मास्तरांकडे बघत होता. मास्तर भिंतीवरच्या पक्कडी बघत होते. त्यांतल्या दोन त्यांच्या होत्या.

तिसाव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या, दोघं कचेरीत गेली. लांब दालन, सात खिडक्या, त्यांतल्या पाच बंद. मास्तरीण बाकावर टेकली. चालून चालून टाच पुन्हा दुखायला लागली होती. मास्तर रांगेत उभे राहिले. दुपारनंतर त्यांचा नंबर आला. खिडकीतले साहेब उतारवयाचे होते, चष्मा दोरीला बांधलेला.

साहेबांनी चेल्याचा दाखला वाचला, मान हलवली, कार्डाचा नंबर घातला. मग पडद्याकडे बघत राहिले.

"हा शिक्का कुणाचा?" त्यांनी पडदा मास्तरांकडे वळवला.

पडद्यावर मास्तरांचं पावतीपुस्तक होतं. मास्तरणीचं गोलगोल अक्षर. लिटर, रंग, रबर नवीन. आतील तापमान चार अंश, स्वतः तपासले. आणि खाली टेबल हालवून उठवलेला तो ठसठशीत शिक्का.

"दवाखान्याचं सगळं आता आमच्याशी जोडलंय," साहेब म्हणाले. "हा दाखला दीड वर्षापूर्वीचा. आज तुम्ही आणलाय त्यात म्हणे आठ वर्षं बंद. आता सांगा, कुठला खरा?"

मास्तरांनी पडद्यावरचा शिक्का नीट बघितला. छान उठला होता.

"साहेब, दवाखान्यात फ्रिज आहे म्हटल्याशिवाय औषध घरी देत नाहीत. आणि तुमच्याकडे फ्रिज आहे म्हटलं की कार्डच देत नाहीत. मग आम्ही म्हणायचं काय?"

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना हसू आलं होतं आणि आल्याची लाजही वाटत होती. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे हो. पण ते दवाखान्याचं खातं, हे आमचं. एक कागद खोटा आहे एवढं तर खरं? कुठला खोटा ते लिहून द्या. पाचला पडदा बंद होतो, त्याच्या आत."

"आधीचा खोटा म्हटलं तर?"

"तर दवाखान्याला कळणार, आणि ते घरी औषध देणं बंद करणार. पण तुमची हरकत दाखल होईल. कार्डाला आशा राहील."

"आणि आजचा खोटा म्हटलं तर?"

"तर काय, फ्रिज चालू. कार्ड गेलं. कार्ड गेलं म्हणजे औषधही गेलंच की."

"बायकोला विचारून येतो," मास्तर म्हणाले.

मास्तरीण बाकावर चप्पल काढून बसली होती. मास्तरांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांची मान वर होत नव्हती.

"चार अंश," ती म्हणाली. "मी विचारलं होतं, तपासले का म्हणून."

"हो."

"एवढं कुणी मागितलं होतं का? लिटर काय, रंग काय."

"नव्हतं मागितलं."

ती थोडा वेळ पायाची बोटं हलवत राहिली. मग म्हणाली, "जा, आधीचा खोटा म्हणून लिहा. कार्ड तरी राहू दे. सकाळची सुई दवाखान्यात घेईन."

"आणि संध्याकाळची?"

"संध्याकाळचं संध्याकाळी बघू."

खिडकीशी जाऊन मास्तरांनी लिहायला घेतलं. बायकोला बोलवा, ती लिहील, असं साहेब म्हणाले. मास्तर नको म्हणाले. डाव्या हातानं, मुंग्या रांगेबाहेर पडाव्यात तशी अक्षरं काढत त्यांनी लिहिलं की दीड वर्षापूर्वी मी माझ्या शिक्क्यानं जो दाखला दिला तो खोटा होता. मागच्या रांगेतला एक जण ओरडला, "आजोबा, अर्ज लिहिताय की पोथी?" मास्तरांनी सही केली. पिशवीत शिक्का होता. तो त्यांनी काढला नाही.

साहेबांनी कागद घेतला, यंत्राखाली धरला, दोन बटणं दाबली. पडद्यावर एक लाल पट्टी आली. साहेबांनी आणखी एक बटण दाबलं. पट्टी गेली नाही.

"काय झालं?"

"चौकशी लागली. खोटा कागद दिला अशी नोंद झाली की आपोआप लागते. निकालापर्यंत कार्ड थांबतं." साहेब हळू बोलत होते. "मला वाटलं होतं, खरं सांगितलं तर लागणार नाही. नवीन आहे हे. माझ्या हातात काही नाही हो मास्तर."

"तुम्हाला मास्तर कुणी सांगितलं?"

"शिक्क्यावर आहे ना."

"किती दिवस चालते चौकशी?"

साहेबांनी खांदे उडवले. शेजारच्या खिडकीची फळी खाली आली, मग यांची.

तिसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. नर्सबाईंकडे कागद आधीच पोचला होता. कार्ड थांबलेलं, तेव्हा तिथल्या साठ्यातली सुईसुद्धा टोचता येत नव्हती, आणि घरी उरलेल्या कुप्या परत घ्यायच्या होत्या.

"किती आहेत घरी?" नर्सबाईंनी विचारलं.

"एकही नाही," मास्तरीण म्हणाली.

नर्सबाईंनी तिच्याकडे बघितलं. आठच दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातानं तीन दिल्या होत्या. मग त्यांनी वहीत मान घातली आणि शून्य लिहिलं.

"विकत कुठं मिळतं?" मास्तरांनी विचारलं. नर्सबाईंनी दुकान सांगितलं, आणि एका कुपीला काय पडतं तेही. मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही.

वाटेत मास्तर म्हणाले, "चेल्याला सांगतो, कॉम्प्रेसर बसव म्हणून. निदान फ्रिज तरी चालू होईल."

"त्यात ठेवायचं काय?" मास्तरीण म्हणाली.

घरी दोन भरल्या कुप्या होत्या आणि एक उघडलेली. ऊन वाढत चाललं होतं. मास्तर आता वाळूवर चाराऐवजी सहा वेळा पाणी घालायचे, फडकं पिळून पुन्हा पसरायचे, मडकं सावलीप्रमाणे इकडचं तिकडे सरकवायचे. शेजारणी हसायच्या, "मास्तर, त्यात काय अंडी उबवताय का?" मास्तर म्हणायचे, "उबवतो कुठं, गारवतोय." आणि बोटं कडेला टेकवून आकडा सांगायचे. चोवीस. पंचवीस. एकदा सव्वीस झाले तेव्हा त्यांनी दुपारचं जेवण तसंच ठेवलं आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसले.

चौकशीला कुणी आलं नाही. महिन्याचं धान्य आलं नाही. पिठाचा डबा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात होता, त्याचा तळ दिसायला लागला होता.

एके दिवशी सकाळी मास्तरीण खिडकीशी बसून औषध सुईत ओढत होती. रोज ती मास्तरांकडे तोंड करून बसायची. त्या दिवशी पाठ करून बसली. पण खिडकीच्या उघड्या काचेत सुई दिसत होती, आणि मास्तरांचे डोळे काही हातासारखे गेलेले नव्हते. बारीकसारीक काट्यांवर आणि रेघांवरच त्यांचं आयुष्य गेलं होतं. औषध दहाच्या रेघेवर थांबलं होतं.

तिनं टोचून घेतलं, पदर नीट केला आणि कुपी त्यांच्याकडे दिली.

"सोळा घेतलंस ना?" मास्तरांनी विचारलं.

"हो. सोळा."

मास्तरांनी कुपी आतल्या मडक्यात ठेवली. फडकं पसरलं. तांब्या घेऊन वाळूवर कडेकडेनं पाणी घातलं, सगळीकडे सारखं. मग दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले.

"किती?" तिनं विचारलं.

"बावीस," मास्तर म्हणाले.

बोटांना चांगलं सत्तावीस लागत होतं.